नमुन्याचा डबा

१२ जानेवारी, सोमवार

साडेसात!

खारूचं रक्त साडेसात आलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावरच्या आकड्याभोवती पेनाने गोल काढला, मग त्याच गोलावर आणखी एक. "बाराच्या आसपास हवं हे. मुलगी जेवते ना?" विचारलं मला, बघितलं तिच्याकडे. "जेवते की!" खारू म्हणाली. त्यांनी तिच्या डोळ्याखालची कातडी ओढली. आतला रंग मी पाहिला. धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखा.

चौदा वर्षांची पोर. तीन जिने चढून आली की दाराला टेकून उभी राहते. मला वाटायचं, नाटकं. "काय गं, डोंगर चढून आलीस का?" असं मीच म्हणत होते! स्वतःच्या आईनेच म्हणायचं हे.

गोळ्या फुकट मिळाल्या. उपाशीपोटी द्यायच्या नाहीत, मळमळतं. "आणि नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. खाणं सुधारा." मग धाडलं डाएटबाईंकडे. या आमच्याच रुग्णालयातल्या, जिथे मी स्वयंपाकघरात कामाला आहे. रोज सकाळी स्वयंपाकघरात येतात, त्यांच्या टेबलावर छापील तक्त्यांचे गठ्ठे मीच नेऊन ठेवते. आज माझ्या डोक्यावर टोपी नव्हती, अंगात एप्रन नव्हता — ओळखलंच नाही मला! तक्ता पुढे केला. "यात पर्याय दिलेत. सफरचंद किंवा डाळिंब. अंडी किंवा मासे. बदाम किंवा खजूर. जे जमेल ते." स्वभावाने चांगल्या आहेत. हसून बोलतात.

तक्ता फ्रीजच्या दारावर लावलाय. आमच्या घरात त्या 'किंवा'च्या दोन्ही बाजूंना काही नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

भात आणि बटाट्याची पातळ भाजी. तक्त्यात बटाटा शोधला. नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

ह्यांनी तक्ता मोठ्याने वाचला, बातम्या वाचल्यासारखा. "सकाळी उठल्यावर भिजवलेले बदाम — चार. चारच? पाहुण्यांना काय द्यायचं मग?" खारू इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पण हसले. मग हे पाठ धरून सावकाश खाली बसले.

गोदामात खोकं उचलताना पाठ गेली, त्याला सात महिने झाले. मालकाने सुरुवातीला विचारपूस केली, मग फोन उचलणं बंद केलं. आता घरी बसून पाकिटं चिकटवतात. हात चालतात म्हणे, तेवढंच. पण मान अजून ताठ. मागे एकदा मी वॉर्डातून परत आलेले दोन पाव घरी आणले होते, तर ताटाला हात लावला नाही. "आजाऱ्याच्या पुढचं उचलून आणायची वेळ आली का आपल्यावर?" आवाज चढवला नाही. म्हणून जास्त लागलं.

ते पाव मग मीच खाल्ले. त्यांना सांगितलं टाकून दिले.

घरी मी सांगते, कामावर जेवले. कामावर सांगते, घरून जेवून आले. दोन्हीकडे मी जेवलेली असते!

१६ जानेवारी, शुक्रवार

आज एक गोष्ट केली. इथे लिहिते, आणखी कुणाला सांगू.

दुपारचं जेवण पेशंटांच्या ताटांत वाढायच्या आधी मी नमुना काढते. तीन वर्षं तेच काम. प्रत्येक पदार्थ थोडा थोडा, झाकणाच्या चपट्या स्टीलच्या डब्यात. वर कागदाची पट्टी — तारीख, वेळ, आत काय काय आहे, माझी सही. चिकटपट्टी. मग वेगळ्या छोट्या फ्रीजमध्ये, कुलपात. किल्ल्या दोनच, एक स्वयंपाकी मामांकडे, एक माझ्याकडे. तीन दिवस ठेवायचा. पेशंटांना जेवणातून बाधलं तर तो डबा तपासायला जातो. कुणाला काही झालं नाही तर चौथ्या दिवशी ओल्या कचऱ्याच्या बादलीत. कुणाला कधी काही झालेलं नाही. म्हणजे तीन वर्षं रोज चांगलं जेवण मी माझ्या हाताने बादलीत ओतते आहे.

आज हात थांबला. मंगळवारचा डबा. पालक घातलेला मसूर, गाजर, भात. गार, घट्ट, चांगलं. वास घेतला. पुन्हा घेतला. पट्टी सोलून काढली आणि डबा पिशवीत घातला.

चोरी आहे का ही? कचऱ्याची चोरी? बसस्टॉपवर उभी होते तर सगळे माझ्या पिशवीकडेच बघतायत असं वाटत होतं. कुणी बघत नव्हतं.

खारूला म्हटलं, "उद्या शाळेत ने. सुट्टीत खा. बाबांना सांगत बसू नकोस." मी पहाटे निघते, ती साताला. डबा आमच्या फ्रीजमध्ये खालच्या फळीवर ठेवलाय, पातेल्याच्या मागे.

"आणि तू?" तिने विचारलं.

"मी जेवते की कामावर."

नुसती बघत राहिली माझ्याकडे.

१९ जानेवारी, सोमवार

"खाल्लास?"

"हो!"

"सगळं?"

"सगळं गं आई. चाटूनपुसून."

सात महिन्यांनी पहिल्यांदा झोपेतून उठल्यावर छातीवर दगड नव्हता.

२२ जानेवारी, गुरुवार

आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नाही. स्वतःलाच घातलेला नियम. नियम मोडणाऱ्याला नियम फार लागतात!

मामा हल्ली विचित्र वागतात. मामा म्हणजे आमचे मुख्य स्वयंपाकी, एकतीस वर्षं त्याच शेगड्यांसमोर. धूर ओढणाऱ्या पंख्याच्या घरघरीने कानांचं वाटोळं झालंय, त्यामुळे सगळं ओरडून बोलतात. गुपितंही. मागे आमच्या व्यवस्थापक साहेबांबद्दलचं एक मत साहेबांच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं होतं.

आज मी नमुन्यात चमचाभर मसूर घातला तर मागून गर्जना — "हा काय नमुना? मांजरीला टाकलंस का? पेशंटला जेवढं, तेवढंच नमुन्याला! भर!" आणि स्वतः येऊन पळी उपडी केली. वर गाजराचे तुकडे. झाकण लागेना, तर दाबून लावलं. तीन वर्षं चमचा चमचा चालत होतं, आता अचानक नियमावर आलेत. म्हातारपण, दुसरं काय.

२५ जानेवारी, रविवार

सुट्टी. कपडे, फरशी, डोकं धुतलं.

खारूचे जुने कपडे काढताना तिच्या लहानपणची उशी सापडली. हिच्यामुळेच तिचं नाव खारू पडलं. तीन वर्षांची होती. उशीच्या अभ्र्यात बिस्किटं, शेंगदाणे, अर्धा चावलेला गाजराचा तुकडा — सगळं साठवून ठेवायची. मुंग्या लागल्या तेव्हा कळलं. "कशाला गं?" विचारलं तर म्हणाली, "नंतरला." तेव्हा घरात भरपूर होतं. तेव्हा ते गोड वाटलं होतं.

ह्यांना पाठीला बर्फ हवा होता. खारू धावत आली, "बाबा, तो कप्पा गोठलाय, दार तुटेल. मी ओला टॉवेल देते." आमचा फ्रीज म्हणजे सेकंडहँडचा सेकंडहँड. ह्यांनी ओल्या टॉवेलवर भागवलं.

२९ जानेवारी, गुरुवार

नमुन्याचे डबे कमी पडायला लागलेत. चार नाहीत. मामांच्या लक्षात यायच्या आधी परत ठेवायला हवेत. खारूला विचारलं. "एक मैत्रिणीकडे राहिला, एक वर्गात. आणते गं, ओरडू नकोस." मी ओरडले नव्हते. 

घरी यायची तशी चक्कर आज कामावरही आली, भाज्या धुताना. नळ धरून उभी राहिले.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सात पूर्णांक एक.

खाली गेलं! वर नाही, खाली! तीन आठवडे गोळ्या, तीन आठवडे डबे, आणि खाली. डॉक्टरीणबाई आज हसल्या नाहीत. "असंच राहिलं तर दाखल करून रक्त चढवावं लागेल. खाते ना नक्की?" मी म्हटलं, "खाते, बाई. पालक खाते, मसूर खाते, मी स्वतः देते." खारू खिडकीबाहेर बघत होती.

बसमध्ये बसून विचार केला. तीन दिवसांचं शिळं. त्यात सत्त्व काय उरणार? पोट भरत असेल, रक्त होत नसेल. ताजं हवं. आणि अंडं हवं. अंड्याचा वार बुधवार, आणि बुधवारचा डबा नेमका शनिवारी मोकळा होतो. रविवारी शाळा नाही, घरात हे. म्हणजे अंडं दर आठवड्याला बादलीतच जातं. मी ते अंडं टाकते आणि घरी येऊन तक्ता वाचते.

४ फेब्रुवारी, बुधवार

आजचा डबा आजच आणला.

नमुना काढला. मामांनी अंडं घातलं, मग आणखी एक घातलं. "दोन?" मी म्हटलं. "एकाला करमत नाही!" सगळं स्वयंपाकघर हसलं. पट्टी लिहिली — अंडी दोन, पालक-मसूर, भात, गाजर. फ्रीजमध्ये ठेवला, कुलूप लावलं. निघताना कुलूप काढलं, डबा घेतला, कुलूप लावलं. एवढंच. तीन वर्षांत एकदाही कुणी तो फ्रीज उघडायला सांगितलेला नाही. तीन दिवसांत कोण सांगणार?

पट्टी सोलली नाही. 'अंडी दोन' हे तिला वाचता यावं म्हणून! माझ्या अक्षरात.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सहाला पोचले तर स्वयंपाकघराच्या दारात साहेब. वरच्या मजल्यावरच्या अकरा पेशंटांना कालपासून उलट्या, जुलाब. एका आजीबाईंना सलाईन लावलंय, शुद्ध जातेयेते. सगळ्यांनी काल दुपारी आमचं जेवण जेवलेलं. "कुणीही बाहेर जायचं नाही. कशाला हात लावायचा नाही." 

अकरा माणसं. आणि कालचं जेवण माझ्या फ्रीजमध्ये, खालच्या फळीवर. की तिच्या दप्तरात!

ह्यांना फोन लावला. उचलेनात. पाठीची गोळी घेतली की मेल्यासारखे झोपतात. शाळेचा फोन लागेना. साताला ती निघाली असणार. दहाला सुट्टी. मी कोठीत जाऊन पुन्हा पुन्हा फोन लावत होते. पावणेदहाला उचलला.

"शाळेत जा. आत्ता. खारूला डबा खाऊ देऊ नका."

"कसला डबा?"

"विचारू नका! पळा!"

पळा म्हटलं मी, ज्या माणसाला चपलेत पाय घालताना भिंत धरावी लागते त्याला.

गेले. कसे गेले देव जाणे. शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा सुट्टी संपून पोरं वर्गात चालली होती. खारूला हाक मारली. "डबा खाल्लास?" ती म्हणाली, "हो." 

दुपारी घरी आले तर दोघं समोरासमोर बसलेले. ह्यांचा चेहरा राखेसारखा. ते माझ्याकडे बघेनात. खारू म्हणाली, "मला काही नाही झालेलं आई. खरंच." कपाळाला हात लावला. पोट दाबून पाहिलं. जीभ बघितली. पाणी पाजलं, साखरमीठ घालून. 

मी तिच्यासाठी काय आणलं होतं घरी? काय दिलं मी तिला?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्रभर बसून होतो दोघं, तिच्या दोन बाजूंना. काही झालं नाही. सकाळी उठली, म्हणाली, "तुम्ही काय माझी राखण करताय का? मी पळून जाणाराय?" दोन कप चहा प्यायली. अकरा जणांचं पोट सहा तासांत बिघडलं. खारूला चोवीस तास होत आले.

कामावर गेले. नमुन्याचा फ्रीज साहेबांनी उघडायला लावला. सोमवारचा डबा आहे, मंगळवारचा आहे. बुधवारचा नाही.

"किल्ल्या कुणाकडे?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण मामाच आधी ओरडले, "माझ्याकडे! हिची किल्ली पण परवा माझ्याकडेच होती!"

नव्हती. माझ्या गळ्यात होती, आत्ताही आहे.

साहेब म्हणाले, "एकतीस वर्षं नोकरी झाल्यावर हे? जेवणात काय गेलं ते तुम्हाला माहीत होतं, म्हणून पुरावा नाहीसा केलात." मामा गप्प. आयुष्यात पहिल्यांदा.

कोठीत मी त्यांच्या मागे गेले. ते तांदळाच्या पिंपावर बसले होते. मग बोलले, इतक्या हळू की मला वाकावं लागलं. त्यांना हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

"पोरीला बाधलं नाही ना?"

मी फक्त मान हलवली.

"मग झालं. तू तोंड उघडू नकोस. तुझ्या घरात खाणारी पोर आहे."

म्हणजे माहीत होतं! पहिल्या डब्यापासून. ती पळी, ते दाबून लावलेलं झाकण, ती दोन अंडी — आणि मी म्हणत होते म्हातारपण.

७ फेब्रुवारी, शनिवार

मामांना घरी बसायला सांगितलंय, चौकशी होईपर्यंत. स्वयंपाकघरात नुसता पंख्याचा आवाज. मला आज कळलं, तो किती मोठा आहे ते.

आजीबाई अजून डोळे उघडत नाहीत म्हणे. त्यांचं काही बरंवाईट झालं तर ते मामांच्या नावावर लागेल.

८ फेब्रुवारी, रविवार

ह्यांनी तीन दिवसांनी तोंड उघडलं. मी पाकिटांना गोंद लावत होते, ते घड्या घालत होते.

"किती दिवस चाललं होतं?"

"तीन आठवडे."

"आणि तू काय जेवत होतीस?"

हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. भांडणाची तयारी करून बसले होते. म्हटलं, "कामावर..."

"पुरे," म्हणाले. "मी पाठीने गेलोय. डोक्याने नाही."

त्यांनी आणखी दोन पाकिटांच्या घड्या घातल्या. मग तेच म्हणाले, सावकाश, स्वतःशीच गणित मांडल्यासारखं. खारूने तो डबा खाल्ला. खारूला काही झालं नाही. म्हणजे जेवण चांगलं होतं. म्हणजे बिघाड दुसरीकडे कुठेतरी, वरच्या मजल्यावरच्या पाण्यात म्हणा, कशात म्हणा. "म्हणजे तुझे मामा सुटतात. पण हे जगात फक्त आपल्या तिघांना माहीत आहे."

"सांगितलं तर माझी नोकरी जाईल."

"हो."

"मग खाणार काय?"

त्यांनी एक पाकीट उचललं, उजेडात धरलं. "हे चवीला कसं लागतं बघायला हवं."

हसू आलं आणि त्याच तोंडाने रडूही. नको म्हणाले असते तर किती सोपं झालं असतं! त्यांच्यावर ढकलता आलं असतं. 

खारू आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं. अभ्यास करत असावी, पण पान उलटल्याचा आवाज आला नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं.

साहेबांच्या खोलीत डाएटबाईही होत्या. उभ्याउभ्याच सांगितलं, सगळं. पहिला डबा, बुधवारचा डबा, किल्ली. मामांकडे माझी किल्ली नव्हती, हेही. "माझ्या मुलीने गुरुवारी ते जेवण जेवलं. दोन अंडी, पालक, सगळं. तिला काही झालं नाही. मामांच्या हाताने काही वाईट झालेलं नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुमची मुलगी म्हणजे काय प्रयोगशाळा आहे? उद्या तुम्ही म्हणाल मांजराने खाल्लं. डबा कुठाय? नाही. मग पुरावा नाही. तुम्ही चोरी कबूल करताय, ते लिहून घेतो. त्याने त्यांची सुटका होत नाही. दोघं मिळून केलं, असाच अर्थ होतो याचा."

दोघं मिळून! मी त्यांना सोडवायला गेले आणि आणखी अडकवून आले.

उद्यापासून येऊ नका म्हणाले. गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. एप्रनची घडी घालत होते तर डाएटबाई मागून आल्या. टोपीतल्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही... मागे मुलीला घेऊन... मी तक्ता दिला होता ना तुम्हाला?" मी हो म्हटलं. त्यांना आणखी काही बोलायचं होतं. डोळे भरले. मला त्यांचा राग यावा असं फार वाटलं, पण आला नाही.

घरी आल्यावर खारूने दारातच विचारलं, "काय म्हणाले?" सांगितलं. म्हटलं, "तू खाल्लंस आणि ठणठणीत आहेस, एवढंच होतं माझ्याकडे. ते त्यांनी मानलं नाही."

ती पांढरीफटक पडली. पांढरं पडायलाही रक्त लागतं, तेवढंसुद्धा नाही पोरीत. जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी स्वयंपाकघरात खुडखुड. खारू फ्रीजपुढे फरशीवर बसलेली, हातात उलथनं. बर्फाच्या कप्प्याचं दार उघडं.

पाच डबे. एकावर एक, बर्फात रुतलेले.

"पहिले दोन खाल्ले मी. खरंच," म्हणाली. "मग तुला चक्कर यायला लागली. तू जेवत नाहीस कामावर, मला माहितीये. आणि बाबांचं काम कसं एकदम गेलं — म्हणून ठेवले. काहीच नसेल त्या दिवसासाठी." मग, माझ्याकडे न बघता, "बाबा फाटकात आले ना, तेव्हा सवयीने 'हो' निघालं गं तोंडातून."

हे भिंतीला धरून उभे होते. मी भात टाकलाय. तिघंही एकमेकांच्या ताटात बघत जेवणार आहोत, मगच मी साहेबांकडे निघणार आहे.

सगळ्यात वरचा डबा पुसला. ४ फेब्रुवारी, बुधवार. अंडी दोन, पालक-मसूर, भात, गाजर. माझी सही. 

चिकटपट्टी जशीच्या तशी. तिने झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.